व्हॉलंटरी म्हणजे नेमकं काय

परवा पाटणला गेले आणि आख्ख्या माहेराला नाराज करून परत आले. नातेवाइकांच्या ग्रुपवर माझ्याबद्दल बरंच काही चाललंय. म्हटलं, माझ्या वॉलवर मीच लिहिते... निदान झालं तसं तरी लिहिलं जाईल.

सुरुवात इंग्लिशच्या क्लासपासून झाली. मिस्टर फौजेत, त्यामुळे बरीच वर्षं क्वार्टर्समध्ये गेली, आणि तिथल्या बायकांच्या इंग्लिशपुढे मी नुसती मान हलवत बसायचे. आता उंब्रजला घर बांधलं, पोरं मोठी झाली, तसा कराडला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. ‘या वयात कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी चहा देते, उत्तर देत नाही.

मॅडम रोज एक शब्द देतात आणि प्रत्येकीनं त्यावर आपल्या घरातलं एक वाक्य करायचं. त्या दिवशी शब्द होता व्हॉलंटरी. फळ्यावर अर्थ लिहिला, स्वेच्छेने केलेलं. सोपा वाटला... कुणी रक्तदान म्हणालं, कुणी गावातलं श्रमदान. मी ऐटीत सांगितलं की पुढच्या आठवड्यात मी आणि माझी अक्का भावाला जमीन सोडून देणार आहोत, व्हॉलंटरी.

मॅडमनी विचारलं, आणि नाही म्हणालात तर? मी हसले, सगळा क्लास हसला. भावाला नाही कसं म्हणणार? मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच ‘हो’ला हा शब्द लावतात, तुम्ही दुसरं वाक्य करा.

मला दुसरं वाक्य सुचेना. खरंच सांगते, घरातलं एकही सुचेना.

आमच्याकडची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वडील गेले की भाऊ बहिणींना रजिस्ट्रेशन ऑफिसात घेऊन जातो. बहिणी हक्कसोडपत्र करतात, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडतात. मग हॉटेलात जेवण आणि बहिणींना एकेक साडी. जबरदस्ती कुणीच करत नाही हो... पण विचारतही नाही. फक्त तारीख कळवतात.

आणि एखादीनं नाही म्हटलंच, तर तिचं माहेर संपलं. दिवाळीचं बोलावणं नाही, भाच्याच्या लग्नात पत्रिकेवर नाव नाही. हे सगळं मला माहीत होतं. आमचे अण्णा मागच्या वर्षी गेले. दादा पुण्याला शिकत होता तेव्हा अण्णांच्या बरोबरीनं उसाला पाणी मी आणि अक्कानं पाजलंय. तरी तारखेचा फोन आल्यावर मी ‘बरं’ एवढंच म्हणाले होते.

परवा दादाच्या गाडीतून पाटणच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात गेलो. वहिनींनी साड्या आधीच आणून ठेवल्या होत्या, माझी हिरवी आणि अक्काची जांभळी. दोन्ही छान होत्या, उगाच खोटं कशाला बोलू.

आमचा नंबर आला. तिथल्या साहेबांनी कागद पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, “स्वखुशीनं सोडताय ना, ताई? कुणाचा दबाव वगैरे नाही ना?”

स्वखुशी हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलेय. इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय की त्याचा अर्थ लागायचाच बंद झाला होता, तो नुसता कागदावरचा एक शब्द झाला होता. व्हॉलंटरी मात्र माझ्यासाठी नवा होता... आणि तो जमिनीच्या या वाक्यात बसत नव्हता. क्लासमध्येही बसला नव्हता आणि तिथेही बसेना.

“न्हाई साहेब,” मी म्हणाले. “ह्ये व्हॉलंटरी न्हाई.”

दादा हळू आवाजात म्हणाला, “काय बोलतीस तू? घरी ठरलंय की आपलं.”

“आपलं न्हाई दादा, तुझं ठरलंय. आमाला नुसती तारीख कळली.”

साहेबांनी आता वर बघितलं. म्हणाले, मग मला हे नोंदवता येणार नाही. आणि अक्काकडे वळले.

अक्का माझ्यापेक्षा मोठी. सातवीतून शाळा सुटली, आणि दादासमोर आजवर तिनं आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ती सही करून मोकळी होईल, मी एकटी पडेन, असंच मी धरून चालले होते. तिनं पदर सारखा केला.

“हिचा इंग्रजी शब्द मला ठावं न्हाई, साहेब,” अक्का म्हणाली. “पर आज कुनीतरी इचारलंय, तर सांगती. माझं बी न्हाई.”

दादा गाडी काढून निघून गेला. आम्ही दोघी एसटीनं उंब्रजला आलो आणि वाटेत दोघीही रडलो. पश्चात्ताप म्हणून नाही... भीती वाटत होती म्हणून. अजूनही वाटते.

ग्रुपवर लिहिलंय की इंग्लिश शिकून ही भावाच्या मुळावर उठली. लिहू देत. जमीन मी उद्या दादाला देईनसुद्धा, कदाचित सगळीच्या सगळी. पण त्याआधी त्यानं मला विचारायला हवं, आणि मी नाही म्हणाले तरी त्या घरात माझं ताट वाढलं जायला हवं. एवढं झालं की मी स्वतः पाटणला येईन, साडी न घेता.

मॅडम, तुमचे उपकार आहेत. वाक्य आता करता येतंय मला.

दादा फोन उचलत नाही. तरी राखीपौर्णिमेला मी आणि अक्का दरवर्षीसारख्या जाणार आहोत, राख्या आणि पेढे घेऊन. दार उघडायचं की नाही ते त्यानं ठरवावं... ते मात्र अगदी व्हॉलंटरी आहे.