विरुद्धार्थी शब्द विचारणाऱ्या मावशी

“ह्येचं उलटं काय वं, बाई?” असं विचारताना मावशी हाताचा पंजा पालथा करायच्या. पंजाला बहुधा हळद लागलेली असायची.

मेढ्याजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. मावशी तिथं पोरांची खिचडी शिजवायच्या. स्वयंपाकाची खोली सातवीच्या वर्गाला लागून, मधे खिडकी. तिथून त्या माझा तास ऐकायच्या. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती, लग्न ठरलं म्हणून. नुसत्या अर्थानं त्यांचं समाधान होत नसे. विरुद्धार्थी शब्द कळला, की मगच शब्द पक्का, असं त्यांचं मत.

तिथंही वाटेल ते चालायचं नाही. ‘हॅपी’चं ‘अनहॅपी’ सांगितलं, तर म्हणाल्या, “ही फसवणूक झाली. त्येच पातेलं, वर निस्तं झाकण ठिवलं. दुसरा शब्द द्या की!” मी ‘सॅड’ दिला, तेव्हा खूश.

एकदा मी फळ्यावर ‘ओल्ड’समोर ‘यंग’ लिहिलं. खिडकीतून आवाज आला, “आन माझं पातेलं ओल्ड हाय, त्येचं?”

“त्याचं न्यू.”

“म्हंजी आधी कुणाबद्दल बोलतूय त्ये बघायचं, मग उलटं काढायचं.”

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल तर सांगा, हे इतकं सोपं करून तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं का?

मावशींचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मानेवर गाठ आली. मुलानं त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं, गाठीचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट आल्यावर त्यानं घरात सांगितलं, साधी गाठ आहे, औषधानं जिरेल.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत मावशी माझ्याकडे आल्या. हातात वहीचा कागद. त्यावर रिपोर्टमधून एकेक अक्षर बघून उतरवलेला शब्द होता, ‘मॅलिग्नंट’.

“ह्येचं उलटं सांगा.”

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “बिनाइन.”

“त्ये म्हंजी?”

“साधी गाठ. जिवाला धोका नसलेली.” बोलून गेले आणि माझा पेन थांबला.

मावशींनी कागदाची घडी घातली. “मग ह्येंची साधी न्हाई,” म्हणाल्या. मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी यजमानांना खरं सांगितलं. मुलगा चिडला.

“त्येला वाटतं, आबा खचतील,” दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या. “आवं, ज्येचं दुखणं त्येलाच नाव ठावं नगं?”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हनले, सांगलीला कवा जायाचं? आन आपली पिशवी आपनच भरली.”

उपचार लांबले. दोघं सांगलीला लेकीकडे राहायला गेले, ते तिथलेच झाले. खिचडी आता दुसऱ्या बाई करतात. माझा तास कुठंही अडत नाही, वेळेआधीच संपतो.

गेल्या महिन्यात मी एका लग्नासाठी सांगलीला गेले, तेव्हा मावशी कृष्णेच्या घाटावर भेटल्या. शेजारी यजमान, गळ्याला मफलर, आवाज बसलेला. “डागतर आता पोराकडं बघून बोलत न्हाईत,” मावशी म्हणाल्या. “माझ्याकडं बघून बोलत्यात.”

मग ते दोघं पायऱ्या चढू लागले. दोन पायऱ्या झाल्या की यजमान दम खायला थांबायचे. मावशीही थांबायच्या, पण हात धरायच्या नाहीत. नदीकडं बघत उभ्या राहायच्या. ते निघाले, की त्याही निघायच्या.