गोरं आडनाव

माझं शिक्षण कॅनडातलं, पासपोर्टही तिथलाच, आडनाव गोऱ्या नवऱ्याचं. दुबईत सीव्हीला फोटो लावायची पद्धत आहे. नकार ऐकून कंटाळले होते, म्हणून या वेळी फोटो लावलाच नाही. लगेच मरीना भागातल्या एका ऑफिसातून ऑडिटच्या नोकरीसाठी बोलावणं आलं.

मुलाखत घेणाऱ्याने मला बघून सीव्हीवरचं आडनाव पुन्हा वाचलं. मूळच्या कुठल्या, म्हणाला. पुण्याची म्हटल्यावर तो मराठीवर आला. "ताई, क्लायंटला वेस्टर्न चेहरा लागतो. आमच्या हातात काही नाही."

मी पर्स उचलली. दारापाशी त्याने विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"शाळेत चित्रकला शिकवतात."

"त्यांना नोकरी बदलायचीय का? ऑडिट काय, शिकतील हळूहळू."