मोतीबिंदूच्या दिवसांत जोडलेली सायकल

सायकलच्या फ्रेमचं खोकं घरी आलं, त्याच दिवशी सकाळी आबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आबा म्हणजे माझे वडील. अहमदपूरला धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका गॅरेजात त्यांनी तीसेक वर्षं ट्रकची इंजिनं खोलली आणि जोडली. आई गेल्यापासून ते तिथल्या घरात एकटेच राहतात. नांदेडला आमच्याकडे यायचं म्हटलं की चौथ्या दिवशी परतीची बॅग भरतात. पण यावेळी मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर इथेच ठेवा म्हणून बजावलं होतं. खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दिवसातून चार वेळा थेंब. काळा गॉगल लावून आबा हॉलमधल्या खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्यासमोर खोकं फोडत होतो.

सायकलचं वेड मला चाळिशीनंतर लागलं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. साखर थोडी वाढली म्हणून सकाळी सायकल चालवायला लागलो आणि नदीपलीकडच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या आठ-दहा जणांच्या मागे मागे जायला लागलो. त्यांच्या सायकली हलक्या, माझी लोखंडी. चढ आला की ते बोलत बोलत वर जायचे आणि मी खाली मान घालून धापा टाकायचो. तशी तयार सायकल घेणं माझ्या ऐपतीत नव्हतं. मग कुठेतरी वाचलं की चीनमधून कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली कार्बनची फ्रेम मागवता येते आणि बाकीचे भाग जुने-पुराणे जमवून सायकल घरीच जोडता येते. वाचताना ते फार सोपं वाटलं.

फोमच्या घड्या काढल्या आणि फ्रेम बाहेर आली. काळी, मॅट, अंगावर एक अक्षर नाही. बायकोनं एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाली, "मामा, धरून बघा. सुपाएवढंसुद्धा वजन नाही." ती आबांना मामा म्हणते.

डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलं होतं, पण हे वजन म्हणण्यासारखं नव्हतंच. आबांनी फ्रेम मांडीवर घेतली. आडव्या नळीवरून अंगठा फिरवला, नखानं टिचकी मारली.

"पुठ्ठ्याची हाय का काय?"

"कार्बन आहे आबा. विमानात वापरतात."

"विमान तू बनवून राहिला का?" असं म्हणून त्यांनी ती परत दिली.

गिअर, ब्रेक, हँडल, चाकं आणि पायडलचा क्रँक मला लातूरला मिळाले. तिथले एक क्लास घेणारे सर दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं आणि तेव्हापासून त्यांची सायकल गॅलरीत उभी होती. फ्रेमला तडा गेलेला, पण बाकी सामान चांगलं होतं. मी रविवारी बसनं गेलो. सरांनी सगळं आधीच सोडवून, रॉकेलनं धुऊन, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवलं होतं; चाकं तेवढी वेगळी बांधली होती. त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि "एकदाचं जाऊ द्या घरातून" म्हणाल्या. मी निघताना सर जिन्यापर्यंत आले आणि पोत्यात हात घालून मागचा गिअर बाहेर काढला. "याला फार घट्ट करू नका," म्हणाले, "हळू हातानं ऐकतो तो." मग परत पोत्यात ठेवला.

पुढचे तीन आठवडे कॉलेजातून आलो की मी फरशीवर जुनी चादर अंथरून बसायचो आणि आबा खुर्चीत. लहानपणी याच्या उलट असायचं. आबा घरी एखादा पंप किंवा कार्बोरेटर उघडून बसले की मी जवळ जायचो. पान्याला हात लावला की ते म्हणायचे, "जा, पुस्तक घे." मी जायचो. आपल्या हाताला काम जमत नाही, असं त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मी घरातला नळसुद्धा कधी बदलला नव्हता.

म्हणूनच बहुतेक, पहिल्याच दिवशी मी त्यांना जरा तोऱ्यात सांगितलं, "आबा, हे ट्रकचं काम नाही. फार नाजूक असतं."

"हाव," आबा म्हणाले.

पहिली अडचण पायडलपाशी आली. क्रँकचा दांडा ज्यात फिरतो त्या दोन वाट्या फ्रेमच्या खालच्या भोकात दोन्ही बाजूंनी पिळून बसवायच्या होत्या. डावी सहज बसली. उजवी बसेना. मी जोर लावला, तशी ती करकरली.

"थांब," आबा खुर्चीतून म्हणाले. त्यांना नीट दिसत नव्हतं, डोळा अजून पाणावत होता. "आवाज ऐकून राहिलो मी. उलटे आटे असतील त्या बाजूला."

"उलटे कसे असतील?"

"ट्रकच्या डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे राह्यचे. फिरून फिरून आपोआप सुटू नये म्हणून. उलटी फिरवून बघ."

मी उलटी फिरवली. वाटी लोण्यात बोट जावं तशी आत गेली. मी मान वर केली नाही, पण बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती हे मला कळलं.

ब्रेकची आणि गिअरची वायर फ्रेमच्या पोटातून जाते. एका भोकातून आत घालायची आणि दुसऱ्या टोकाच्या एवढ्याशा भोकातून बाहेर काढायची. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. वायर आतच कुठेतरी वाकायची, अडायची. तिसऱ्या दिवशी बायकोनं मला बाजूला सारलं. "परकरात नाडी घालायची असती तर कधीच घातली असती," म्हणाली. तिनं जाड दोऱ्याला एक छोटी सुई बांधली, ती आत सोडली आणि फ्रिजवरचा लोहचुंबक नळीवरून हळूहळू सरकवत सुई भोकापर्यंत आणली. मग दोऱ्याला वायर बांधून ओढली. आबांनी खुर्चीत टाळी वाजवली. आईच्या मागे मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघत होतो.

मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी हँडलच्या मापानं कापायची होती. ती एकदा आखूड झाली की संपलं. आबांनी सांगितलं, "दोन बोटं जास्त ठेव. बसवून बघ, मग पुन्हा काप." बारीक दाताचं हेक्सा ब्लेड, नळीवर ओला फडका, तोंडाला रुमाल. काळी भुकटी चादरीवर पडत होती. कापून झाल्यावर आबांनी कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि "सरळ हाय" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मी त्या रात्री बायकोला ते दोनदा सांगितलं.

हँडल बसवताना त्यांनी विचारलं, "त्याच्यावर आकडा लिहिलेला हाय का?"

प्रत्येक बोल्टजवळ किती जोर लावायचा तो आकडा बारीक अक्षरात छापलेला होता. मी वाचून दाखवला.

"मग त्या आकड्याचा पाना आण. इंजिनाच्या हेडचे बोल्ट आम्ही टॉर्क पान्यानंच लावायचो. एकदम न्हाई. समोरासमोरचे, थोडे थोडे. अंदाजानं लावले की हेड वाकतं."

ट्रकवाला माणूस पाना दणकून पिळणार, असं मी समजत होतो. आणि हा माणूस मला मोजून लावायला सांगत होता. मी म्हणालो, "आणतो, पण सध्या हातानं जमून राहिलंय."

"न्हाई, आण," आबा म्हणाले.

मी आणला नाही. सायकल जवळजवळ झाली होती आणि माझ्या अंगात घाई शिरली होती.

त्या रविवारी सकाळी बायको आबांना तपासणीला घेऊन गेली. रिक्षा गेटाबाहेर पडली आणि मी ठरवलं की ते परत येतील तेव्हा सायकल चालवूनच दाखवायची. फक्त सीट बसवायची राहिली होती. सीटची नळीही कार्बनचीच, फ्रेमबरोबर आलेली. सहज आत जावी म्हणून मी तिला ग्रीस लावलं, बसवली, आवळली. वर बसलो तर ती हळूच खाली सरकली. आणखी आवळली. परत सरकली. मग एलनकीला, म्हणजे बोल्टच्या सहा कोनी चावीला, एक लोखंडी नळी अडकवून दांडा लांब केला आणि जोर लावला.

टक असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा.

सीटची नळी बाहेर काढली. जिथे फ्रेमच्या क्लॅम्पनं तिला आवळून धरलं होतं तिथे केसासारखी आडवी रेघ होती, बोटाला लागत होती. फ्रेमलाही काही झालं का ते कळेना. काळ्या रंगावर काळी चीर कशी दिसणार? मी नळी परत आत घातली, सायकल बेडरूमच्या भिंतीला टेकवली आणि वर चादर टाकली.

दोन दिवस मी चादरीवर बसलो नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होतो. थेंब पडल्यावर माणूस मान मागे करून डोळे मिटून बसतो. तसेच बसून ते म्हणाले, "काय मोडलं?"

मी सांगितलं. ग्रीस, लोखंडी नळी, आवाज, सगळं.

"ग्रीस लावलं? मग घसरणारच ना ते." त्यांनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाले, "आण इकडं."

मी सायकल आणली. आबांनी खिशातून एक नाणं काढलं आणि सीटच्या नळीवर वरून खाली टकटक मारत आले. टण, टण, टण, आणि रेघेपाशी बद्द. "ही गेली," म्हणाले. मग फ्रेमवर, जिथे ती नळी बसते तिथे. गॉगलमागे डोळे मिटलेले असावेत, मान एका बाजूला कलती. एकेक बोटाच्या अंतरावर नाणं वाजत होतं. बायकोनं स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला. आबा चारी बाजूंनी वाजवत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले आणि खुर्चीत मागे टेकले.

"फ्रेम बरी हाय. कुठंच आवाज बदलला न्हाई. नुसती नळी बदल. आन् ग्रीस पुसून काढ."

मी फडका घेऊन ग्रीस पुसायला बसलो.

"मी नवा होतो गॅरेजात," आबा म्हणाले, "तेव्हा असाच इंजिनातला एक स्टड बोल्ट मोडला. वर ग्रीस फासलं आन् गाडी पुसून उभी केली. कुणाला कळलं न्हाई. पण भाकर गोड लागंना. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी मिस्त्रीपाशी गेलो आन् सांगितलं."

"मग?"

"लई शिव्या दिल्या. मग नवा स्टड कसा घालायचा ते शिकवलं."

मी तेव्हाच विचारलं. एरवी विचारलं नसतं. "मला का शिकवलं नाही मग तुम्ही? माझे हात कामाचे नव्हते म्हणून?"

आबांनी गॉगल माझ्याकडे वळवला. "तुझ्या हाताला काय धाड भरली होती? तुझ्या आईला माझ्या अंगाचा डिझेलचा वास सोसायचा न्हाई. एक हाय ते पुरे म्हणायची, घरात दुसरा नको. म्हणून हाकलायचो तुला."

बायको आतून मोठ्यानं हसली. मीही हसलो, पण मला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी टॉर्क पाना मागवला आणि सीटसाठी साधी अ‍ॅल्युमिनिअमची नळी. पाना आकड्याला पोचला की हातात हलकेच खटका बसतो. आबांनी प्रत्येक बोल्टचा खटका ऐकला, समोरासमोरचे, थोडे थोडे. त्यांचा महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा सायकल झाली. गल्लीत दोन चकरा मारल्या. आबा गेटाला धरून उभे होते. मग ते अहमदपूरला गेले.

जानेवारी संपत आला होता. एका रविवारी पहाटे मी सायकलनं अहमदपूरला निघालो. विष्णुपुरीपर्यंत अंधार होता. लोह्याच्या अलीकडे उजाडलं. दोन्ही बाजूंना करडई पिवळी झाली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. वारा समोरून होता आणि रस्त्याचं काम चालू होतं तिथे खडीवरून सायकल हातानं न्यावी लागली. माळाकोळीला बसून दोन केळी खाल्ली. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं "कुठून आलात?" विचारलं, नांदेडहून म्हणालो, तर त्यानं मान हलवून ट्रॅक्टर पुढे काढला. कुठे काही सुटलं नाही, करकरलं नाही. पण माझे पाय मात्र संपले होते. शेवटचे दहा किलोमीटर मी कसे काढले ते आता आठवत नाही.

आबा ओट्यावर बसलेले होते. गॉगल नव्हता. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग सायकलभोवती एक फेरी मारली.

"तू आंघोळ कर," म्हणाले.

मी अंगावर पाणी घेऊन बाहेर आलो तर ओट्यावर आबा नव्हते आणि सायकलही नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आत्ता गेले की त्याच्यावर बसून. धोतर खोचलं होतं." मी टॉवेल खांद्यावर टाकून कोपऱ्यापर्यंत पळत गेलो. कुणी दिसेना. बहात्तर वर्षांचा माणूस, ऑपरेशन झालेला डोळा, सीट माझ्या उंचीची. पंधरा-वीस मिनिटं मी रस्त्यात उभा होतो.

मग ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून आले. अगदी हळू, सरळ, दोन्ही हात ब्रेकवर. माझ्याजवळ आल्यावर पाय टेकून थांबले.

"कुठे गेला होतात तुम्ही?"

"मोंढ्यात. गॅरेजापाशी."

"गॅरेज कुठंय आता तिथं?"

"न्हाई. फरशीचं दुकान झालंय. पण चहावाला तोच हाय. त्याला उचलून दाखवली." ते उतरले, घाम पुसला. "समोरचा ब्रेक जरा उशिरा धरतो. जेवल्यावर वायर ओढून घेऊ."

जेवणानंतर आम्ही ओट्यावर बसलो. वायर आबांनी स्वतःच ओढली, त्यांना आता वाकायची मुभा होती. चार वाजता मी निघालो. येताना वारा पाठीमागून होता आणि लोहा कधी मागे पडलं ते कळलंही नाही.