वन्संचा घरजावई

पिंपरीपासून चाकणपर्यंत कुणाच्या ताटात किती साखर वाढलीय, हे आमच्या वन्संइतकं कुणालाही कळत नाही. ताटावर बसलेल्यालाही नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर भजनी मंडळात जायचं सोडून त्यांनी शाळांमधल्या नर्सना शिकवायचं काढलं. मधुमेह असलेल्या पोरांच्या दंडावर हल्ली सेन्सर असतो, तो साखर मोजतो. कमरेला पंप असतो, तो इन्सुलिन सोडतो. ही यंत्रं लावून पोरं शाळेत येतात आणि शाळा घाबरतात. ती भीती घालवायची, हा वन्संचा उद्योग. मीही मोशीच्या एका शाळेत नर्स आहे, त्यामुळे घरची नणंद आणि बाहेरची मास्तरीण असा दुहेरी मारा माझ्या एकटीच्या नशिबी आहे.

स्वतःला मधुमेह नसताना त्या दंडाला सेन्सर लावून हिंडतात. "लावल्याबिगर शिकवायचं कसं?" भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी जिलबीचा घास घेतला आणि मोबाइल उंच धरून भर मांडवात ओरडल्या, "बघा, अजून चढला न्हाई! चढंल, दम धरा!" व्याही बिचारे हातातली जिलबी हातातच ठेवून दम धरून बसले. सेन्सरवरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या मागून येतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. "आकडा चाकणच्या चौकातनं येतो," असं त्या वर्गात सांगतात, आणि रोज त्या चौकात अडकणाऱ्या नर्सना आणखी फोड करून सांगावं लागत नाही.

त्यांचा वर्ग सकाळी शुद्ध पुस्तकी मराठीत सुरू होतो, चहापर्यंत कसाबसा टिकतो आणि मग मोशीच्या बोलीवर येतो. इन्सुलिनऐवजी सलाइन भरलेला पंप त्या प्रत्येक नर्सच्या कमरेला लावून देतात. "दोन दिस संगं नांदा, मंग मला शानपन शिकवा." एकीच्या सासूला वाटलं, सुनेनं घरातलं बोलणं टेप करायला यंत्र आणलंय. घरात कमालीची शांतता पसरली. त्या बाईंनी पंप परत करायला आठवडा लावला.

"पंप म्हंजी घरजावई," हे वन्संचं लाडकं वाक्य. "मान द्या, येळंवर खाऊपिऊ घाला, पर तिजोरीची किल्ली देऊ नका. आधी पोर बघा, मंग पंपाचा पडदा." वन्संचे यजमान लग्नापासून आमच्याच घरी राहतात. हे वाक्य आलं की ते पेपर जरा वर धरतात.

माझ्या शाळेत पाचवीतली एक पोर आहे. तिला पंप लागल्यापासून तिची आई शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत फाटकाजवळ बसून असायची; मुख्याध्यापिकाबाईंची तशी अटच होती. महाळुंग्याच्या कंपनीतली तिची नोकरी त्यात जायला आली. सोमवारी ये, नाहीतर येऊच नको, असा सुपरवायझरचा निरोप आला, तेव्हा वन्सं उठून शाळेत आल्या. "काही झालं तर जबाबदार कोण?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "ही!" म्हणून वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

सोमवारी आई कामावर गेली. कंपनीत फोन गेटवर जमा करतात, म्हणजे शिफ्ट सुटेपर्यंत आई नाही. आणि नेमकी त्याच दिवशी खेळाच्या तासानंतर पोर माझ्या खोलीत आली. पडद्यावरचा आकडा ठणठणीत. पोर मात्र घामानं डबडबलेली, विचारलं एक तर सांगत होती भलतंच. मी वन्संना फोन लावला.

"पोर कशी दिसती?"

"बरी नाही दिसत हो."

"मंग माझ्याशी काय बोलत बसलीस? बोट टोच!" आणि फोन आपटला.

टोचलं. साखर खरंच उतरली होती. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पाव तास तिच्याजवळ बसले, पुन्हा टोचलं. आकडा वर आला होता. "सिस्टर, एक बिस्किट तुम्हीही खा," ती म्हणाली, आणि उरलेली खाऊन गणिताच्या तासाला गेली. मग मी दार लोटून पोटभर रडले. शिफ्ट सुटल्यावर माझा निरोप वाचून तिची आईही फोनवर रडली, आणि मंगळवारी पुन्हा कामावर गेली.

याला आता बरेच महिने झाले. पूर्वी वन्संचा फोन दिवसभर वाजायचा. कुठली ना कुठली नर्स काहीतरी विचारायची आणि वन्सं यथासांग तिचा उद्धार करायच्या. आता सगळ्याजणी शिकल्या. कुणी काही विचारत नाही. काल भर दुपारी शाळेत त्यांचाच मला फोन आला.

"पोर कशी हाय गं?"

"मजेत आहे."

"बरं," म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "मला अजून टोचायची भीती वाटते हो. एकदा येऊन दाखवाल?"

"येवढं शिकवून डोस्क्यात काय उतरलं न्हाई व्हय तुझ्या?" त्या खेकसल्या. आवाज एकदम खणखणीत झाला होता. "उद्या येते. तयारीत ऱ्हा."

माझी भीती केव्हाच गेली आहे.