ताई का?

माझ्या मुलीचं नाव हा एक प्रश्न आहे. नाजूक प्रश्न किंवा घरगुती प्रश्न असं म्हणत नाही मी. व्याकरणातला प्रश्न, ज्याच्या पुढं प्रश्नचिन्ह असतं तो! आठ महिने झाले, रोज चार-पाच लोकांना त्याचं उत्तर देतोय. आता जबडा दुखतो.

लग्नानंतर नऊ वर्षं आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. आणि हलला तेव्हा असा हलला, की बायको, म्हणजे सुवर्णा, दवाखान्याच्या खाटेवरच म्हणाली, "अहो, ही जादू हाय. हिच्या नावातबी जादूच पाहिजे."

मी "बरं" म्हणालो. (दिवसभर चौसाळ्याच्या दुकानात ठिबकच्या नळ्या विकून आलेला माणूस दुसरं काय म्हणणार? पुढची सगळी दुर्दशा या एका 'बरं'तून निघाली.)

सुवर्णा बीएस्सी आहे. तिनं मोबाइलवर जगभरातली जादूची नावं गोळा केली आणि बाराव्या दिवसापर्यंत माझं डोकं उठवलं.

"मोहिनी?" ती म्हणाली.

"शेजारच्यांची म्हैस हाय. चार वर्षं झाली, मोहिनी घातली, दूध न्हाई घातलं."

"माया?"

"गल्लीत तीन हायत."

"तुर्कस्तानात फुसुन म्हणतात. म्हंजे मंतरलेली."

"फुसुन? शाळेत पोरं फुसकी म्हणतील!"

"मग रुना. उत्तरेकडच्या देशातलं हाय. म्हंजे गुपित."

"कुणी विचारलं अन् आपण सांगितलं, तर गुपित कुठं राहिलं?"

तेवढ्यात गुरुजींनी पत्रिका पाहून 'त' हे अक्षर काढलं आणि सुवर्णानं टुणकन उडी मारली. (बाळंतीण असून!) "ताईका! फिनलंडमधी ताईका म्हंजे जादू. ठरलं. अन् हे न्हाई ठेवलं, तर पोरीला घेऊन मी चकलांब्याला, माहेरी!"

मी म्हणालो, "बरं."

त्याच दिवशी तेलगावहून फोन आला. आमची थोरली बहीण. तिला जन्मापासून सगळे ताईच म्हणतात. मी, गल्ली, तिचे दीर, उसाच्या फडातले मुकादम, सगळे! ताईनंच मला वाढवलं, बडवलं आणि माझं लग्न लावलं.

"दत्या, अक्षर कोणतं आलं?"

"त."

"आईच पोटाला आली रं! तुळसा ठेवायचं. आत्या मी हाय, नाव मह्या तोंडातून जाणार. दुसरं ठेवलंस, तर तुह्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवते."

मी काय म्हणालो असेन? बरोबर ओळखलंत.

आता वाचकांपैकी एखादा शहाणा म्हणेल, दोघींना समोरासमोर बसवायचं, बोलायचं. त्या शहाण्याचं लग्न झालेलं नाही, आणि त्याला थोरली बहीणही नाही. मी डोकं चालवलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्याच क्षणी बाकीच्या बाया 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. त्या गदारोळात कानातलं नाव बाळाशिवाय कुणाला ऐकू येतंय? ताईनं कानात तुळसा म्हणावं, माईकवरून ताईका जाहीर व्हावं. धपाटे खाणाऱ्या बाईला माईक कुठला ऐकू येणार! योजना इतकी बिनतोड होती, की मलाच माझं कौतुक वाटलं.

माईक बबनकडे होता. बबन माझा चुलतभाऊ. मंडप त्याचा, स्पीकर त्याचे. त्याच्या हातात एकदा माईक गेला, की काढायला ट्रॅक्टर लावावा लागतो. मी चिठ्ठीवर 'ताईका' लिहून त्याच्या खिशात कोंबली आणि सांगितलं, "आत्यानं कानात नाव सांगितलं, की धपाटे सुरू व्हतील. तवा वाच. आधी न्हाई."

बबननं आधी वाचली.

ताई अजून पाळण्यापाशी पदर खोचत होती. बाया धपाट्यासाठी हात चोळत होत्या. आणि दोन्ही स्पीकरमधून बबनचा आवाज आला, "ताई का?"

माझ्याकडे बघून, भुवया वर करून! मला वाटलं, बरोबर वाचलं का, असं विचारतोय. मी मान हलवली.

"आं? ताई?"

मी जोरात मान हलवली. पुढं वाच, पुढं वाच!

"मंडळी!" बबन गरजला. "लई आनंदाची गोष्ट हाय! दत्तानं आपल्या पोरीला आत्याचं नाव दिलंय! ताई!"

ताई माझ्याकडे वळली. मी डोळे मिटले. लहानपणीचा सगळा मार आठवला.

"मह्या नावावर?" ताईचा आवाज भलताच बारीक आला. "दत्या, आईचं नाव मी मागितलं, अन् तू महं ठेवलंस?"

आणि ताई रडायला लागली. ऊसतोडीच्या टोळ्यांना थरथर कापायला लावणारी माझी ताई, माझ्या गळ्यात पडून, नाक माझ्या नव्या सदऱ्याला पुसत! मग तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तीनदा "ताई" म्हटलं. धपाटे बसले. तेही तिनं हसत खाल्ले.

आणि सुवर्णा? तिनं माईकवरचं पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यातच ती तरंगायला लागली, पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. "ताईका! बघा, ताईंनी तुळसाचा हट्ट सोडला. केवढं मोठं मन!" ती जाऊन ताईच्या पाया पडली. ताईनं तिला उठवून पोटाशी धरलं, "माय माझी, तू कशी तयार झालीस गं!" दोघी एकमेकींच्या मोठ्या मनाचं कौतुक करत रडत होत्या. मधे मी उभा. मला ताबडतोब लांबच्या मुक्कामी बदली हवी होती. पण दुकान माझंच, बदली कोण करणार?

पुढं जन्माची नोंद करायला गेलो.

"मुलीचं नाव?" खिडकीतल्या बाबूंनी विचारलं.

"ताईका."

"मला काय इचारता? पोरगी तुमची."

"इचारत न्हाई, सांगायलोय. ताईका."

"ताई का... पुढं? ताई का अक्का? नक्की ठरवून या की, मागं रांग हाय."

"साहेब, एकच शब्द हाय. फिनलंडमधी जादूला म्हणतात."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "तुमी कवा गेलता फिनलंडला?"

असं करत करत आठ महिने ढकलले. ताई आली, की सुवर्णाला स्वयंपाकघरात गुंतवायचं. सुवर्णा बाहेर आली, की ताईला शेतावरचे प्रश्न विचारायचे. दोघी एका खोलीत दहा मिनिटं निवांत बसल्या, की मी मधे जाऊन बसायचो.

गेल्या आठवड्यात बसल्या. ताईनं स्वतः शिवलेलं दुपटं आणलं होतं. त्यावर लाल दोऱ्यानं मोठ्या अक्षरांत 'ताई'.

"किती छान!" सुवर्णा म्हणाली. "पण ताई, का राहिलं."

"काय राहिलं?"

"का."

"अगं, मीच इचारायले, काय राहिलं?"

"का राहिलं, ताई! ताईका. का!"

मी चप्पल शोधायला लागलो.

"थांब, दत्या." ताईनं एका दमात सगळं ओळखलं. लहानपणी गूळ कुणी खाल्ला, हेही ती असंच ओळखायची. तिनं दुपट्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "म्हंजे महं नाव न्हवतंच ते. एवढ्या बायांत मी उगी रडले."

यापेक्षा तिनं बडवलं असतं, तर बरं झालं असतं. तोंडाशी आलेलं 'बरं' मी गिळलं.

सुवर्णानं माझ्याकडे असं पाहिलं, की फिनलंडची सगळी जादू त्यात एकवटून माझा बेडूकच झाला असता. मग तिनं ताईच्या मांडीवरचं दुपटं घेतलं, उलगडलं आणि पोरीला त्यात गुंडाळून ताईच्या हातात दिलं.

"तुमचंच नाव हाय, ताई. 'का' कागदावर राहील. घरात ताईच."

ताईनं पोरीचा पापा घेतला, डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "पण महं नाव हाय ते, म्हणून मान राखायचा. ह्या खोटारड्यानं पोरीला अगं-तुगं केलेलं मला चालायचं न्हाई. अहो-जाहो करायचं!"

"अगदी बरोबर," सुवर्णा म्हणाली.

दोघींचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हापासून रोज सकाळी पाळण्यापाशी हात जोडून उभा राहतो आणि विचारतो, "उठलात का, ताई? दूध घेता?" ताई माझं नाक ओढतात. मुलगी झाली, की लोक बाप होतात. मी धाकटा भाऊ झालो!