सपाट बाजू बोटाकडे

मेघनाचा फोन आला तेव्हा मी सांडशीत दुधाचं पातेलं धरून उभी होते. "आई, आत्या गेली," ती म्हणाली. मी पातेलं ठेवलं, गॅस बंद केला आणि सांडशी हातात तशीच घेऊन कोपरला तिच्या घरी जायला रिक्षात बसले. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "मंदा, निदान हत्यार तरी बरं निवडायचंस." शालिनी, माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, डोंबिवलीच्या एमआयडीसीत मोटारींच्या वायंडिंगच्या कारखान्यात तांब्याच्या तारांशी संसार केला आणि शेवटची वर्षं माझ्या लेकीकडे, म्हणजे त्यांच्या भाचीकडे राहिल्या. रिक्षातून उतरताना सांडशी सीटवरच राहिली. ती त्यांनीच आणलेली होती... पण ते पुढे.

वर गेले तर सोनं उतरवायचं चाललं होतं. कुड्या निघाल्या, अंगठी निघेना. दुखण्यात बोटं सुजली होती. अंगठी माझ्या सासूबाईंची, आणि "माझ्यामागे ही तुझी" असं वन्संनी मेघनाला बजावून ठेवलेलं. साबण झाला, तेल झालं. न्यायची गाडी खाली उभी होती आणि आमचे चुलत दीर मनोहरभावजी दारात येरझाऱ्या घालत होते. "अगं, ओढा की जोरात," ते म्हणाले. "आता तिला काय दुखणार आहे?" मेघनाने आत्याचा हात आपल्या दोन्ही हातांखाली झाकून घेतला. कुणी पुढे आलं असतं तर ती चावली असती, असा तिचा चेहरा होता... आणि मला एकदम चकलीचा सोऱ्या दिसला.

नवी नवरी म्हणून आले तेव्हा मी स्वतःला भलती चलाख समजायचे. वन्संच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या पकडी असत. एक मोठी, एक चपट्या तोंडाची, एक निमुळत्या नाकाची, आणि तार तोडायचा कटर. "एक पक्कड पुरत नाही होय, वन्सं?" मी विचारलं. "तू एकाच डावाने आमटी, भात, ताक वाढतेस का?" "वाढते की." "तरीच तुझी आमटी ताकासारखी लागते." शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी प्रत्येक पकडीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, उघडमीट करून तो मुरवायचा, उरलेलं पुसून काढायचं. मग कटर मिटून दिव्यासमोर धरायचा. पात्यांमधून उजेड दिसला की धार बिघडली समजायचं. मी चाळभर सांगत सुटले होते, आमच्या वन्सं पकडींना न्हाऊ घालतात, आता तीट लावायची तेवढी राहिली. बायका हसायच्या आणि मला वाटायचं, काय आपली अक्कल. त्याच अकलेने एकदा सांडशी सापडेना म्हणून मी तापलेली कढई त्यांच्या मोठ्या पकडीने उतरवली. मुठीवरचं लाल आवरण वितळून तळहाताला चिकटलं. दुसऱ्या दिवशी वन्सं माझ्यासाठी नवी सांडशी घेऊन आल्या. माझ्यासाठी ते बोलणी खाण्याहून वाईट होतं.

मग दिवाळीआधीचा तो शुक्रवार. मेघना तीन वर्षांची. मी भाजणी मळत होते, सोऱ्याच्या चकत्या ताटात वाळत होत्या. तिने चांदणीच्या भोकाची चकती अंगठी म्हणून बोटात घातली. जाताना गेली, परत येताना चांदणीची टोकं मासात रुतली. मी तेल लावलं, ओढलं. बोट लाल झालं, मग जांभळं. शेजारीण म्हणाली, "ओढ गं, एकदाच काय ते रडेल." मी डब्यातली सगळ्यांत मोठी पक्कड उचलली. मोठं संकट, मोठी पक्कड, असं माझं शास्त्र.

"ठेव ती," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तिने पत्रा दाबला जाईल आणि आत बोट आहे. पोरीला मांडीवर घे. मनगट हलता कामा नये."

त्यांनी दुधाच्या पिशवीची पट्टी कापून चकती आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली. चपट्या पकडीने चकती एका जागी धरली आणि कटर कडेला लावला. "सपाट बाजू बोटाकडे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उतरती बाजू बाहेर." नशिबाने पत्रा पातळ होता. उंदराने पापड कुरतडावा तशी त्यांनी कड कुरतडायला घेतली. एक तुकडा ताटात पडायचा, पोर किंचाळायची, पुढचा पडायचा. बोटाचं टोक निळं पडत चाललं होतं. भोकापाशी जरासा पत्रा उरला आणि वन्संनी कटर खाली ठेवला.

"तोडा ना," मी ओरडले.

"इथे कटर चालवला तर बोट जाईल, मंदे."

त्यांनी निमुळत्या नाकाची पक्कड घेतली. कुरतडून झालेल्या फटीची एक कड तिच्यात, दुसरी चपटीत. बाजूला ओढलं नाही. एक हात वर, एक खाली, पुन्हा उलट... टक् झालं, फट रुंदावली आणि बोट मोकळं झालं. वन्संनी ते दाबून पाहिलं, रंग परत येईपर्यंत सोडलं नाही. मग मोरीत जाऊन ओकल्या. तोंड पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते." त्यांचा चहा म्हणजे गरम पाण्यावर अन्याय. त्या दिवशी मी दोन कप प्यायले.

"आई, आत्याचा तो पकडींचा डबा दे आणि तिचा हात धर," मेघना म्हणाली तेव्हा मी भानावर आले. तिने दुधाच्या पिशवीची पट्टी कापली, अंगठीखालून हळूच सरकवली. तीन वर्षांची असतानाचं तिला कुठलं आठवायला, पण आत्याने ही गोष्ट तिला पकडी हातात देऊनच सांगितली होती. "किती वेळ अजून?" भावजी म्हणाले. "लागेल तेवढा, काका." माझ्या हातातला वन्संचा हात गार होता, आणि मी तो इतका घट्ट धरला होता, जणू तो आता हलेल. कटरची सपाट बाजू बोटाकडे गेली. सोनं मऊ, एकदाच दाबलं. मग दोन पकडी, एक वर, एक खाली. अंगठी निघाली. बोटावर तिचा पांढुरका वळ होता, ओरखडा नव्हता. मनोहरभावजींनी वाकून ते बोट पाहिलं आणि गाडीवाल्याला थांबायला सांगायला स्वतः खाली गेले.

अंगठी मेघनाने अजून सांधून घेतलेली नाही. डबा माझ्याकडे आहे. शुक्रवारी तेल देते, जास्तच होतं, पुसत बसते. परवा दूध वर आलं. सांडशी तर रिक्षातून गावभर हिंडते आहे. माझा हात सरळ डब्याकडे गेला... तिथेच थांबवला. गॅस बंद करून पदराने पातेलं उतरवलं, बोटं पोळली. मग त्यांवर फुंकर घालत मी कटर मिटून दिव्यासमोर धरला. पात्यांमधून उजेड आला नाही.