मार्थाचा सापळा

ड्रायरमधून नातवाचा लोकरीचा स्वेटर अर्धवट ओला बाहेर काढला, की त्या वासासरशी मी अमेरिकेतल्या वायोमिंगला जाऊन पोचते. ऐंशीच्या दशकात माझा नवरा तिथल्या एका छोट्या गावात डॉक्टर होता. शेजारी मार्थाचा मेंढ्यांचा फार्म होता. परक्या देशात माझं बाळंतपण तिनंच केलं, अगदी सख्ख्या मावशीच्या मायेनं.

त्या सकाळी बाळाला घेऊन मी तिच्याकडे गेले. रात्री कायोटींनी तिची दोन कोकरं फाडली होती. कोल्ह्यासारखीच ही जनावरं, पण अंगानं मोठी. कुंपणाशी लावलेल्या लोखंडी सापळ्यात त्यांतली एक मादी अडकून पडली होती. पायाचं हाड उघडं पडलं होतं आणि आचळं दुधानं तटतटली होती. ते पाहून मलाही पान्हा फुटला.

"मार्था, गोळी घालून सोडव तिला," मी म्हणाले.

"इतक्यात नाही. तिचं ओरडणं ऐकून नर येईल."

दुपारी तो आला. मार्थानं आधी त्याला गोळी घातली, मग तिला. तेव्हा मला वाटलं, ही सूड घेतेय. आता वाटतं, तिला रागसुद्धा आलेला नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"आणि हिची पिल्लं?" मी विचारलं.

"मरतील दोन-तीन दिवसांत," म्हणत तिनं रायफल भिंतीला टेकवली आणि माझ्या रडणाऱ्या बाळाला उचलून छातीशी धरलं. "किती वेळ उपाशी ठेवलंयस गं याला?"